ड्वार्फ सिक्लिड माशांचे अनेक पिढ्यांचे समूह: नागपुरातील मत्स्यपालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ड्वार्फ सिक्लिड म्हणजे नेमके कोणते मासे?

सिक्लिड हे माशांचे एक मोठे कुळ आहे. ऑस्कर, एंजल, डिस्कस, फ्लॉवरहॉर्न आणि बाजारात खाण्यासाठी विकला जाणारा तिलापिया हे सगळे त्याच कुळातले. त्यांपैकी ज्या जातींची वाढ साधारण दहा सेंटिमीटरच्या आत थांबते, त्यांना मत्स्यपालक ड्वार्फ सिक्लिड म्हणतात. ही शास्त्रीय वर्गवारी नसून सोयीसाठी केलेली विभागणी आहे. त्यामुळे एकाच नावाखाली अगदी वेगवेगळ्या स्वभावाचे आणि वेगवेगळ्या पाण्यातले मासे एकत्र येतात. दक्षिण अमेरिकेतले अपिस्टोग्रामा आणि रॅम, पश्चिम आफ्रिकेतला क्रिबेन्सिस, पूर्व आफ्रिकेच्या टांगानिका सरोवरातले शंखात राहणारे मल्टी आणि खडकांत राहणारे जुली व ब्रिचार्डी ही त्यांतली नेहमीची नावे. भारतात मूळचे सिक्लिड केवळ तीन जातींचे आहेत आणि त्यांपैकी नारिंगी क्रोमाइड हा लहानखुरा मासा घरच्या टाकीत ठेवता येण्यासारखा आहे.

अनेक पिढ्यांचा समूह यातल्या कोणत्या जातींचा होतो?

या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण बहुतेक अपयश चुकीची जात निवडल्यामुळे येते. सिक्लिड पिल्लांची काळजी घेतात हे खरे. पण पिल्ले वाढवणे वेगळे आणि वाढलेल्या पिल्लांना आपल्या हद्दीत राहू देणे वेगळे. दुसरी गोष्ट फार थोड्या जाती करतात, आणि त्या प्रामुख्याने टांगानिका सरोवरात आढळतात.

निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस, म्हणजे मत्स्यपालकांचा मल्टी, हा जगातल्या सर्वांत लहान सिक्लिडांपैकी एक आहे. नर साडेचार सेंटिमीटरच्या आसपास, मादी त्याहून लहान. सरोवराच्या तळाशी निओथॉमा नावाच्या गोगलगायीचे रिकामे शंख लाखोंनी साचलेले असतात आणि त्या शंखांच्या पसाऱ्यात हे मासे वसाहती करून राहतात. एका वसाहतीत एक वा अधिक नर, अनेक माद्या आणि वेगवेगळ्या वयाची पिल्ले एकत्र नांदतात. प्रत्येकाचा शंख ठरलेला असतो.

निओलॅम्प्रोलोगस ब्रिचार्डी आणि त्याचा जवळचा नातलग पुल्चर, ज्याला बाजारात डॅफोडिल म्हणतात, यांची रीत आणखी पुढची आहे. प्रजनन करणारी जोडी एक असते आणि आधीच्या विणींची मुले मदतनीस म्हणून हद्दीतच राहतात. ती अंडी स्वच्छ करतात, रेती उपसतात आणि घुसखोरांना हुसकावतात. प्राणिवर्तनाचे अभ्यासक मायकेल टाबोर्स्की यांनी 1980च्या दशकापासून या माशांचा बारकाईने अभ्यास केला. वर्तनशास्त्रात आज सहकारी प्रजननाचे उदाहरण म्हणून पक्ष्यांच्या बरोबरीने या माशांचे नाव घेतले जाते. हे मासे दहा सेंटिमीटरपर्यंत पोहोचतात, म्हणून त्यांना ड्वार्फ म्हणावे की नाही यावर वाद घालता येईल. परंतु अनेक पिढ्यांचा समूह पाहायचा असेल तर त्यांना वगळणे योग्य होणार नाही.

जुली गटातले ट्रान्सक्रिप्टस आणि ऑर्नेटस हे या दोहोंच्या मधले. जोडी खडकाच्या एकाच कपारीत काही आठवड्यांच्या अंतराने थोडी थोडी अंडी घालत राहते आणि मोठी भावंडे बरेच दिवस जवळपास वावरतात.

मग अपिस्टो (अपिस्टोग्रामा), रॅम आणि क्रिबेन्सिस यांचे काय?

हे सुंदर मासे आहेत, पण त्यांच्याकडून पिढ्यांच्या एकत्र राहण्याची अपेक्षा करू नये. अपिस्टोची मादी पिवळीधमक होऊन पिल्लांना काही आठवडे जिवापाड जपते आणि नंतर त्यांनाच हुसकावते. क्रिबेन्सिसची जोडी पुढच्या विणीच्या वेळी आधीच्या पिल्लांच्या मागे लागते. दोन फुटी टाकीत पिल्लांना पळायला जागा नसते आणि त्यातून जे घडते ते माशांच्या स्वभावाचे नव्हे, टाकीच्या आकाराचे फळ असते. या जातींच्या अनेक पिढ्या राखायच्या असतील तर प्रत्येक पिढीसाठी वेगळी टाकी लागते. नारिंगी क्रोमाइडची पिल्ले आईबापांच्या अंगावरचा बुळबुळीत स्राव टिपून खातात, हे पाहण्यासारखे असते. परंतु त्यांच्या बाबतीतही वाढलेली पिल्ले वेगळी करणेच बरे.

नागपूरचे पाणी या माशांना चालते का?

चालते, आणि टांगानिकाच्या माशांना तर चांगलेच मानवते. टांगानिकाचे पाणी जड आणि अल्कधर्मी आहे. तिथला पीएच साधारण साडेआठ ते नऊच्या दरम्यान असतो. नागपूर हे दख्खनच्या बेसॉल्ट पठाराच्या पूर्व काठावर वसलेले शहर असल्याने इथल्या पुष्कळ बोअरवेलचे पाणी क्षारयुक्त लागते. भांड्यांवर आणि गीझरच्या कॉइलवर पांढरा थर साचवणारे हे पाणी घरात त्रासदायक ठरते, पण ब्रिचार्डीला तेच हवे असते. तरीही प्रत्येक बोअरचे पाणी वेगळे असते, तेव्हा पीएच, एकूण जडपणा (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे प्रमाण) आणि कार्बोनेट जडपणा (पीएच स्थिर ठेवणाऱ्या क्षारांचे प्रमाण) या तीन गोष्टी तपासूनच निर्णय घ्यावा. शेतांच्या वा जुन्या वस्त्यांच्या जवळच्या बोअरमध्ये नायट्रेट असण्याची शक्यता असते, म्हणून तेही तपासावे. टीडीएस मीटर केवळ विरघळलेल्या पदार्थांचे एकूण प्रमाण सांगतो. ते क्षार कॅल्शियमचे आहेत की मिठाचे, हे त्यावरून कळत नाही.

महानगरपालिकेचे पाणी मुख्यतः पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून येते. ते बोअरच्या पाण्यापेक्षा सामान्यतः सौम्य असते, परंतु त्यात क्लोरीन असते. मोठ्या तोंडाच्या टबात चोवीस तास हवेचा दगड (एअर पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा) लावून ठेवल्यास क्लोरीन उडून जाते. घाई असल्यास अँटी-क्लोरीनचे थेंब वापरावेत.

माझे स्पष्ट मत असे आहे की आपल्या नळाला जे पाणी येते त्याला साजेसा मासा निवडावा. जड पाण्याच्या घरात आरओचे पाणी मिसळून अपिस्टो ठेवता येतात, आणि काही जण ते उत्तम रीतीने करतात. पण अनेक पिढ्यांचा समूह हे वर्षानुवर्षांचे काम आहे, आणि दर आठवड्याला बादल्या मोजून पाणी तयार करण्याचा उत्साह इतका काळ टिकणे अवघड असते.

नागपूरच्या उन्हाळ्यात काय करावे?

मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि नवतपाच्या दिवसांत रात्रीही घर निवत नाही. टांगानिकाच्या माशांना 24 ते 27 अंश तापमान योग्य. 30 अंशांपर्यंत ते निभावून नेतात, त्यापुढे मात्र प्रत्येक अंश जोखमीचा असतो. कारण नुसत्या उष्णतेचे नसून प्राणवायूचे आहे. 25 अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण 8.3 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर 33 अंशांना तो सुमारे 7.2 वर येतो; आणि त्याच वेळी माशांची आणि फिल्टरमधल्या जिवाणूंची प्राणवायूची गरज वाढलेली असते.

सुदैवाने आपल्या उन्हाळ्याची हवा कोरडी असते. ज्या तत्त्वावर घरातला कूलर चालतो, त्याच तत्त्वावर टाकी थंड करता येते. टाकीचे झाकण काढून त्यावर बारीक जाळी ठेवावी आणि एक लहान पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका झोत येईल असा लावावा. कोरड्या हवेत एवढ्यानेच तापमान दोन ते चार अंशांनी उतरते. मृग लागून हवा दमट झाली की हा उपाय जवळजवळ निकामी होतो, पण तोवर मुख्य संकटही टळलेले असते.

यात एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. पंख्यामुळे रोज पाणी उडून जाते, क्षार मात्र टाकीतच राहतात. घट भरून काढण्यासाठी पुन्हा बोअरचेच पाणी ओतले तर दोन महिन्यांत पाण्याचा जडपणा पुष्कळ वाढतो आणि पावसाळ्यात मोठ्या प्रमाणात पाणी बदलले की माशांना धक्का बसतो. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई आरओच्या पाण्याने करावी. नेहमीच्या साप्ताहिक बदलासाठी नेहमीचेच पाणी वापरावे.

गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी हाताला चटका बसेल इतके तापलेले असते. उन्हाळ्यात पाणी बदलायचे असेल तर ते आदल्या रात्री टबात काढून घरात ठेवावे आणि सकाळी थर्मामीटर लावून मगच टाकीत घालावे. बर्फ थेट टाकीत टाकू नये. अगदीच गरज पडली तर पाण्याने भरून गोठवलेली बंद बाटली तरंगत ठेवावी आणि तासाभरात एका अंशापेक्षा जास्त उतार होणार नाही याकडे लक्ष द्यावे. खाद्य निम्म्यावर आणावे आणि टाकीचा दिवा संध्याकाळनंतरच लावावा.

अपिस्टो ठेवणाऱ्यांनी उन्हाळ्यात आणखी कशाकडे पाहावे?

अपिस्टोग्रामाच्या अनेक जातींमध्ये पिल्ले नर होणार की मादी हे सुरुवातीच्या आठवड्यांतले तापमान बऱ्याच अंशी ठरवते. रोमर आणि बाइझेनहेर्झ यांनी 1996 साली यावरचे संशोधन प्रसिद्ध केले: जास्त तापमानात नरांचे प्रमाण वाढते आणि काही जातींत पाण्याच्या पीएचचाही परिणाम होतो. एप्रिल-मेच्या विणीतून जवळजवळ सगळे नरच हाती आले अशी तक्रार नागपुरात ऐकू येते, तिचे मूळ बहुधा इथे असावे. पुढच्या पिढीसाठी माद्या हव्या असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत 25 अंशांच्या आसपास वीण घ्यावी.

हिवाळ्यात हीटर लागतो का?

होय. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान 10 अंशांच्या खाली उतरते. 29 डिसेंबर 2018 रोजी तर शहरात 3.5 अंशांची नोंद झाली होती. लिटरमागे साधारण एक वॉट या हिशेबाने, आपोआप बंद होणारा हीटर घ्यावा आणि शक्य असल्यास एका मोठ्या हीटरऐवजी दोन लहान लावावेत, म्हणजे एक अडकून चालूच राहिला तरी टाकी उकळत नाही.

टाकी किती मोठी असावी?

मल्टीच्या समूहासाठी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी सुरुवातीला पुरते. तिच्यात साधारण 55 लिटर पाणी मावते. तीन फुटी टाकी घेतल्यास समूह मोकळेपणाने वाढतो आणि पाण्याचे गुणधर्मही स्थिर राहतात. जुलीच्या जोडीसाठी आणि तिच्या पिल्लांसाठी तीन फूट असावी. ब्रिचार्डीला चार फुटांपेक्षा लहान टाकी देऊ नये. यांत उंचीपेक्षा तळाचे क्षेत्रफळ महत्त्वाचे आहे, कारण हद्दी तळावर आखल्या जातात. दुकानात शोभेसाठी बनवलेल्या उंच, अरुंद आणि गोलाकार टाक्या या कामाला निरुपयोगी आहेत.

रेती, शंख आणि दगड कुठून आणावेत?

बांधकामासाठी येणारी कन्हानची रेती चालते, मात्र ती चाळून घ्यावी लागते. पिठाच्या चाळणीपेक्षा थोड्या मोठ्या भोकांच्या चाळणीतून खाली पडलेली बारीक रेती घ्यावी आणि पाणी नितळ होईपर्यंत धुवावी. तिचा थर मल्टीसाठी पाच ते सात सेंटिमीटर ठेवावा. दगडाच्या खाणीतली कृत्रिम रेती धारदार असते; रेती तोंडात घेऊन उपसणाऱ्या माशांसाठी ती वापरू नये.

मल्टीची मादी आपला शंख कसा बसवते हे पाहताना रेतीचे महत्त्व पटते. ती शंखाच्या एका बाजूला अंग घुसळून रेती उडवते, मग तोंडात रेती भरून थोड्या अंतरावर नेऊन टाकते आणि पुन्हा परत येते. हे तासन् तास चालते. शेवटी शंख जवळजवळ पूर्ण गाडला जाऊन त्याचे तोंड रेतीच्या पातळीला येते. काही दिवसांनी त्याच तोंडाशी पाच-सहा मिलिमीटरची पिल्ले दिसतात आणि सावली पडताच आत गडप होतात.

शंख प्रत्येक माशामागे किमान तीन असावेत. भंडारा-गोंदियाकडच्या तलावांच्या आणि धानाच्या बांध्यांच्या काठावर मोठ्या गोगलगायींचे रिकामे शंख मिळतात. चार ते पाच सेंटिमीटरचे, न फुटलेले, आत कुजलेला भाग नसलेले शंख निवडून ते अर्धा तास उकळावेत आणि दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवावेत. आतून रंगवलेले किंवा चकाकी दिलेले सजावटीचे शंख घेऊ नयेत.

ब्रिचार्डी आणि जुलींना दगडांची रास लागते. आपल्याकडचा काळा बेसॉल्ट यासाठी अगदी योग्य आहे, कारण तो पाण्यात काही सोडत नाही. दगड आधी काचेच्या तळावर, पातळ थर्माकोल वा फोमच्या तुकड्यावर बसवावेत आणि रेती नंतर भरावी. रेतीवर रचलेल्या राशीखालून मासे रेती काढून घेतात आणि रास ढासळते. फुटक्या मडक्याचे तुकडे आणि नारळाच्या करवंट्याही कपारी म्हणून वापरता येतात. पण करवंटी पाणी किंचित आम्ल करते, म्हणून ती अपिस्टोच्या टाकीत जास्त शोभते.

समूहाची सुरुवात किती माशांनी करावी?

मल्टीची सहा ते आठ लहान पिल्ले घ्यावीत. त्यांच्यात नर-मादी ओळखणे कठीण असते, पण एवढ्या संख्येत दोन्ही असण्याची शक्यता भरपूर असते. ब्रिचार्डीचीही तेवढीच घ्यावीत. त्यांच्यात एक जोडी जमते आणि ती इतरांना सहन करेनाशी होते. तेव्हा जोडी ठेवून बाकीचे मासे लगेच काढावे लागतात, त्यामुळे ते कोणाला द्यायचे हे आधीच ठरवून ठेवावे. खरा समूह पुढे त्या जोडीच्या स्वतःच्या पिल्लांतून उभा राहतो. बाहेरून मदतनीस आणून सोडता येत नाहीत.

हे मासे नागपुरात बहुधा कोलकाता, चेन्नई किंवा मुंबईच्या घाऊक बाजारातून मागवलेले असतात. प्रवासाच्या दृष्टीने ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी हे महिने सर्वांत सुरक्षित. एप्रिल ते जूनमध्ये मागणी नोंदवू नये, मग दुकानदार कितीही सवलत देवो.

मोठी भावंडे लहान पिल्लांना खात नाहीत का?

पोट भरलेले आणि जागा पुरेशी असेल तर ब्रिचार्डीमध्ये सहसा खात नाहीत, उलट राखण करतात. टाकीसमोर शांत बसले तर कामाची वाटणी डोळ्यांना दिसते. तीन-चार सेंटिमीटरचे मदतनीस कपारीत शिरून अंड्यांवर तोंड फिरवतात आणि परांनी पाणी हलवतात. त्यांच्याहून मोठे मदतनीस हद्दीच्या काठावर उभे राहतात. जोडीतला मासा जवळून गेला की मदतनीस डोके वर करून अंग तिरके करतो आणि शेपटी थरथरवतो. हे शरणागतीचे चिन्ह आहे आणि त्यावरच त्याचे समूहातले स्थान टिकून असते. मदत थांबवणाऱ्या माशावर जोडी अधिक आक्रमक होते, असे प्रयोगांतून दिसले आहे. सरोवरात हद्दीबाहेर शिकारी मासे असतात, म्हणून बाहेर पडण्यापेक्षा मोठ्यांच्या आश्रयाला राहून राबणे त्या माशाच्या हिताचे असते.

मल्टीमध्ये मदत इतकी उघड नसते. तिथे मोठी पिल्ले स्वतःच्या शंखापुरती हद्द सांभाळतात आणि लहानांकडे दुर्लक्ष करतात. समूह टिकायला तेवढे पुरते.

पिल्लांना आणि मोठ्यांना खाद्य काय द्यावे?

पिल्लांसाठी ताज्या उबवलेल्या आर्टेमियाला, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म कोळंबीसारख्या जिवांना, पर्याय नाही. लिटरभर पाण्यात 25 ते 30 ग्रॅम खडे मीठ घालून, 26 ते 28 अंशांना सतत हवा दिली की चोवीस ते छत्तीस तासांत अंडी उबतात. मोठ्यांना बारीक दाण्याचे खाद्य, गोठवलेले सायक्लोप्स आणि डाफ्निया हे पाण्यातले बारीक जीव द्यावे. दिवसातून दोनदा, मिनिटभरात संपेल एवढेच. नाल्यातून काढून विकले जाणारे जिवंत ट्युबिफेक्स किडे देऊ नयेत. त्यातून पोटाचे रोग येतात आणि टांगानिकाच्या माशांना ते विशेष बाधतात.

याच टाकीत आणखी एखादी जात ठेवता येईल का?

ब्रिचार्डीबरोबर नाही. समूह वाढला की तो संपूर्ण टाकी ताब्यात घेतो आणि इतरांना मारतो. मल्टीबरोबर तीन फुटी टाकीत, एका टोकाला दगडांची रास करून जुलीची एक जोडी ठेवता येते. तीही मल्टीची पिल्ले टिपतेच.

समूहाने अचानक एका माशावर हल्ला सुरू केला, तर काय करावे?

आधी कारण शोधावे. मदतनीस वयात येऊन प्रजननाचा प्रयत्न करू लागला असेल, जोडीतला एक मासा मेला असेल आणि वारसाहक्काची चढाओढ सुरू झाली असेल, किंवा साफसफाई करताना दगडांची जागा बदलली असेल. शेवटचे कारण सर्वांत जास्त आढळते. रास मोडली की हद्दी मोडतात आणि समूहाला सगळी उतरंड नव्याने ठरवावी लागते. म्हणून या टाक्यांमध्ये दगड हलवू नयेत. रेतीच्या वरचा गाळ नळीने ओढून घेणे पुरेसे आहे.

ज्या माशाचे पर फाटले आहेत आणि जो पृष्ठभागाजवळ कोपऱ्यात किंवा हीटरमागे लटकून राहतो, त्याला त्याच दिवशी बाहेर काढावे. त्याला काही दिवसांनी परत सोडण्याचा प्रयत्न करू नये. समूहाबाहेर राहून आलेल्या माशाला परका समजले जाते आणि दुसरा हल्ला बहुधा जीवघेणा असतो.

संख्या फार वाढली, तर कोणते मासे काढावेत?

बहुतेक जण सर्वांत मोठे आणि देखणे मासे काढून देतात, आणि नेमका तिथेच समूह मोडतो. जोडीला आणि तिच्या खालच्या दोन-तीन मोठ्या मदतनिसांना हात लावू नये. मधल्या फळीतली, दोन ते तीन सेंटिमीटरची पिल्ले एका वेळी पाच-सहा अशी काढावीत, म्हणजे प्रत्येक आकाराचे थोडे थोडे मासे शिल्लक राहतात. मल्टीच्या बाबतीत जाळे फिरवण्याची गरज नसते. दिवा बंद झाल्यावर शंख तोंडावर बोट ठेवून उचलावा आणि टाकीच्याच पाण्याने भरलेल्या पसरट भांड्यात आडवा ठेवावा. मासा आपण होऊन बाहेर येतो. त्याला काडीने टोचू नये.

समूह स्वतःही संख्येला आळा घालतो. जागा भरली की विणीतले अंतर वाढते आणि कमी पिल्ले जगतात. मात्र पाणी बिघडण्याआधी हे होईलच असे नाही. जड पाण्यात अमोनियाचा धोका मोठा असतो: 25 अंशांना पीएच 7 असताना एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग विषारी रूपात असतो, पीएच 8 ला तो पाच टक्क्यांवर जातो आणि पीएच 9 ला एक तृतीयांशाहून अधिक होतो. म्हणून दाटी झालेल्या टांगानिका टाकीत फिल्टर बंद पडणे हे अपिस्टोच्या टाकीपेक्षा कितीतरी गंभीर असते.

पिढ्यान् पिढ्या एकाच रक्ताचे मासे राहिले, तर बिघाड होतो का?

होऊ शकतो. वाकडा कणा, कल्ल्यांवरचे अपुरे झाकण, घटलेली अंडी ही त्याची दिसणारी चिन्हे. निसर्गात मात्र ही गोष्ट वाटते तितकी सरळ नाही: पश्चिम आफ्रिकेतल्या पेल्विकाक्रोमिस टेनिएटस या क्रिबेन्सिसच्या नातलगावर जर्मनीत झालेल्या आणि 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे मासे जोडीदार म्हणून सख्ख्या भावंडांनाच पसंती देतात असे आढळले. तरी हा दाखला इतर जातींना लावू नये. सरोवरातल्या ब्रिचार्डींच्या गटांत जोडीतले मासे बदलत राहतात, त्यामुळे नवे रक्त येत असते. आपल्या टाकीत ते आपण आणल्याशिवाय येणार नाही.

तयार समूहात नवा मासा सोडला तर तो मारला जातो, ही खरी अडचण. त्यावरचा खात्रीचा मार्ग म्हणजे शहरातल्या दुसऱ्या मत्स्यपालकाशी पिल्लांची अदलाबदल करून, दोन वेगळ्या घराण्यांच्या पिल्लांपासून नव्या टाकीत नवा समूह सुरू करणे आणि जुना समूह त्याच्या गतीने चालू देणे. मल्टीच्या वसाहतीत मात्र शंखांसकट दोन-तीन तरुण माद्या एका टोकाला ठेवल्यास त्या कधी कधी सामावल्या जातात. कोणत्या टाकीतून कोणते मासे कधी आले याची वही ठेवावी. ब्रिचार्डी आणि डॅफोडिल एकत्र ठेवून त्यांचा संकर होऊ देऊ नये.

वीज गेल्यास काय करावे?

वळवाच्या वादळात तासन् तास वीज जाते आणि ते दिवस नेमके उन्हाळ्याच्या टोकाचे असतात. प्रत्येक टाकीत एक स्पंज फिल्टर असावा आणि तो बॅटरीवर चालणाऱ्या एअर पंपाला जोडता यावा. घरात इन्व्हर्टर असेल तर टाकीचा एअर पंप त्याच्या जोडणीवर घ्यावा. त्याला चार-पाच वॉटच लागतात. वीज नसताना खाद्य अजिबात देऊ नये.

घरातल्या औषधांचा आणि फवारणीचा त्रास होतो का?

डासांवरची पायरेथ्रॉइड गटातली औषधे माशांना अत्यंत विषारी असतात, आणि एअर पंप खोलीतली हवाच टाकीत ढकलत असतो. फवारणी किंवा धुरळणी होणार असेल तर पंप बंद करून टाकीवर ओले कापड पसरावे, खिडक्या लावून घ्याव्यात आणि हवा स्वच्छ झाल्यावर पंप सुरू करावा. कूलरच्या टाकीत सापडणाऱ्या डासांच्या अळ्या हे माशांचे आवडते खाद्य असले तरी त्या मुद्दाम वाढू देणे हे डेंग्यूच्या दिवसांत शेजाऱ्यांच्या जिवाशी खेळणे आहे.

जास्तीचे मासे फुटाळा किंवा अंबाझरी तलावात सोडले, तर चालेल का?

नाही. तिलापिया 1952 साली भारतात आणला गेला आणि आज देशभरातल्या तलावांत तो स्थानिक माशांची जागा अडवून बसला आहे; तोही सिक्लिडच. एखादी जात इथल्या हिवाळ्यात मरेल असे गृहीत धरून सोडू नये, कारण माशांबरोबर त्यांचे परजीवी आणि जंतूही पाण्यात जातात. मासे दुसऱ्या पालकाला द्यावेत, दुकानदाराला परत द्यावेत, किंवा विणीच थांबवाव्यात. मल्टीचे शंख कमी केले आणि तापमान 24 अंशांवर आणले की विणी मंदावतात.

घर बदलताना संपूर्ण समूह कसा हलवावा?

आदल्या दिवशी खाद्य बंद करावे. निम्मे पाणी झाकणाच्या स्वच्छ डब्यांत भरून घ्यावे आणि स्पंज त्याच पाण्यात बुडवून न्यावा, तो कोरडा पडू देऊ नये किंवा नळाखाली धुऊ नये. हलवण्यापूर्वी दगडांच्या राशीचे फोटो काढावेत आणि नव्या घरी रास शक्य तितकी तशीच रचावी. मल्टी शंखांसह एकाच डब्यात नेता येतात. ब्रिचार्डीची जोडी मात्र वेगळ्या डब्यात ठेवावी आणि टाकीत सगळ्या माशांना एकाच वेळी सोडावे. एकेक करून सोडल्यास आधी गेलेला मासा हद्द धरतो आणि मागून येणाऱ्याला आपला मानत नाही. पहिल्या दिवशी दिवा लावू नये, खाद्य दुसऱ्या दिवशी चिमूटभर द्यावे आणि आठवडाभर रोज अमोनिया तपासून, तो थोडाही दिसला तर एक चतुर्थांश पाणी बदलावे.